सातव्या पिंजऱ्याचं वजन

"अजून थोडा उचला, आबा. अजून. हां, बस!"

आम्ही दोघं तराफ्याच्या कडेला ओणवे झालो होतो. पाण्यात सोडलेल्या जाळ्याच्या पिंजऱ्याखालून आडवा बांबू घालायचा आणि तो एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकवत न्यायचा. तसतसे पिंजऱ्यातले मासे पुढे ढकलले जातात आणि शेवटी हातभर पाण्यात, एका कोपऱ्यात गोळा होतात. साडेतीन हजार तिलापिया. पाणी नुसतं खदखदायला लागतं, शेपट्यांचे फटके तोंडावर बसतात. मला ते दृश्य फार आवडायचं. एवढे जीव आपण वाढवतोय, असं वाटून ऊर भरून यायचा.

लिंबाजीआबा मात्र त्या वेळी मान फिरवून पलीकडच्या टेकडीकडे बघत राहायचे. बांबू हातात घट्ट, नजर दुसरीकडे.

मी हातजाळीनं पन्नास मासे काढले, बादलीत घेतले, काट्याला लावले आणि भागाकार केला. सरासरी अठ्ठ्याण्णव ग्रॅम. तीन दिवसांपूर्वी सत्त्याण्णव होती.

"एक ग्रॅम!" मी म्हणाले. "आठव्या पिंजऱ्यातले एकशेचाळीसवर गेले. एकाच दिवशी सोडलेली बोटाएवढी पिल्लं, तेच खाद्य, तेच पाणी. मग या सातव्यालाच काय धाड भरलीय?"

आबांनी बांबू सोडला. मासे एका झटक्यात खाली गेले आणि पाणी सपाट झालं.

"भ्यालंय ते," आबा म्हणाले.

"कोण?"

"चिलापी. भ्यालेला जीव खातोय व्हय?"

"कुणाला भ्यायलेत? आत ना पाणकावळा शिरतो ना मगर."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार असं वाटलं, पण त्यांनी कमरेची तंबाखूची पिशवी काढली आणि मळायला सुरुवात केली. मी वहीत अठ्ठ्याण्णव लिहिलं आणि त्याखाली लाल शाईनं दोन रेघा ओढल्या.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. मी तेवीस वर्षांची होते. रत्नागिरीला मत्स्यशास्त्राची पदवी घेतली आणि चिपळूणच्या आमच्या घरातून उचलून थेट कोळवंडीच्या धरणावर येऊन पडले. तिथल्या मच्छीमार संस्थेनं नव्यानंच आठ पिंजरे टाकले होते आणि त्यांच्यावर देखरेखीला शिकलेलं माणूस हवं होतं. मुदत सहा महिने. मासा वाढला तर नोकरी पक्की, नाही तर परतीची एस.टी. असं चेअरमन शहाजीरावांनी पहिल्याच दिवशी चहा पाजून सांगितलं होतं.

लिंबाजी मल्लाव हे तिथले खाद्य घालणारे. साठी उलटलेले, जातीचे भोई, धरण व्हायच्या आधी नदीवर मासे धरणारे. अक्षर ओळखत नव्हते. रोज प्रत्येक पिंजऱ्याला बारा किलो खाद्य घालायचं, असा तक्ता खाद्याच्या कंपनीनं दिला होता आणि शहाजीरावांनी तो तराफ्यावरच्या खोपीच्या दारावर चिकटवला होता. "तक्ता म्हणजे तक्ता. आपलं शहाणपण चालवायचं नाही," असं ते दर आठवड्याला बजावून जायचे.

आणि मी. माझी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे आणि हातालाही. लहानपणी तव्यावरची भाकरी मी एकदा टाकली की दहा वेळा उलटून बघायची; ती ना धड फुगायची ना धड भाजायची. पण कॉलेजात माझ्या या स्वभावाचं कौतुकच झालं होतं. मोजल्याशिवाय काही कळत नाही, हे माझं तेव्हाचं ब्रह्मवाक्य. बाकीच्या पिंजऱ्यांचं वजन मी पंधरवड्यातून एकदा घ्यायची. सातवा सुरुवातीला जरासा मागे होता, म्हणून त्याचं आठवड्याला घ्यायला लागले. तो आणखी मागे पडला, तसं दर तिसऱ्या दिवशी. मला रात्री झोप लागेना. जेवताना पानात मासा आला तरी याचं वजन किती असेल, हाच विचार.

मार्चच्या शेवटी शहाजीराव तराफ्यावर आले. त्यांनी वही चाळली आणि लाल रेघांवर बोट ठेवलं.

"म्याडम, खाद्य तर बारा किलो जातंय. मग हे खातंय कोण?"

त्या प्रश्नानं माझ्या डोक्यात ठिणगी पडली. खरंच, कोण खातंय? खाद्य आबा घालतात. एकटेच घालतात. मी त्या वेळी बाकीच्या पिंजऱ्यांचं पाणी तपासत असते.

दुसऱ्या दिवशी मी लांबून पाळत ठेवली. आबांनी सातव्यापाशी जाऊन डबा वाजवला, एक मूठ टाकली आणि उकिडवे बसून राहिले. बराच वेळ बसले. मग उठले आणि बाकीचं खाद्य तसंच डब्यात घेऊन खोपीकडे गेले. आबा जेवायला घरी गेल्यावर मी खोपीत शिरले. बाजेखाली, फाटक्या जाळ्याखाली झाकून ठेवलेली दोन पोती सापडली. एक पूर्ण, एक निम्मं.

मला राग आला, हे खरंच आहे. पण त्याहून जास्त हायसं वाटलं, हेही सांगायला हवं. सातव्या पिंजऱ्याचं कोडं सुटलं होतं आणि दोष माझा नव्हता.

मी शहाजीरावांना फोन केला. ते दुपार कलल्यावर होडीनं आले. आबाही परत आले होते. पोती खोपीच्या दारात ओढून ठेवलेली बघून ते जागीच थांबले.

"लिंबाजी, हे काय?" शहाजीरावांनी विचारलं.

"खाद्य हाय."

"ते दिसतंय मला. बाजेखाली कसं आलं?"

"सातव्यातला मासा खाईना. मग कुणाला घालू? पाण्याला? ठिवलं बाजूला. खायला लागला की घालायचं व्हतं."

"आणि झाकून कशापायी ठेवलं?"

"तुमीच म्हणला, तक्त्याबाहेर जायचं न्हाई. कमी घातलं म्हणून मागं वरडला व्हता."

"खाई त्याला खवखवे," शहाजीराव माझ्याकडे बघून हसले. "मासा खात नाही म्हणे! अरे, मासा खात नाही तर म्याडमना सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं की." आबांनी माझ्याकडे बघितलं. "ईचारा त्यास्नी."

दोघंही माझ्याकडे बघत होते. आबांचे डोळे पाण्यावर काम करणाऱ्यांचे असतात तसे, कायम किलकिले. मला तो बांबू, ते तंबाखू मळणं, सगळं आठवलं.

"तसं काही नेमकं सांगितलं नाही," मी म्हणाले. "मासा भ्यालाय, एवढंच काहीतरी म्हणाले होते."

"भ्यालाय!" शहाजीराव मोठ्यानं हसले. "लिंब-मिरची बांधायची का आता पिंजऱ्याला?"

आबा हसले नाहीत आणि भांडलेही नाहीत. मला वाटलं होतं, आरडाओरडा करतील, शपथा घेतील. त्यांनी कमरेची खोपीची किल्ली सोडून पोत्यावर ठेवली. कोपऱ्यातलं स्वतःचं वल्हं उचललं. होडीत पाय टाकता टाकता माझ्याकडे न बघता म्हणाले, "सातव्याला म्हयनाभर हात लावू नगा."

"धमकी देतोय बघा," शहाजीराव म्हणाले.

मलाही तेव्हा तसंच वाटलं.

आबांच्या जागी शहाजीरावांनी दत्तू नावाचा माणूस दिला. सातवा पिंजरा मात्र मी स्वतःकडे ठेवला. रोज बारा किलो, काट्यावर मोजून, माझ्या हातानं घालायची. चोर गेला होता, आता मासा वाढायलाच हवा होता. वाढतोय की नाही ते बघायला मी एक दिवसाआड जाळं उचलायला लागले. दत्तू कुरकुरायचा, पण बांबूचं दुसरं टोक धरायचा.

खाद्य पाण्यावर तसंच तरंगत राहायचं. उपाशी राहून यांची भूक मेलीय, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग पिंजऱ्यात मेलेले मासे दिसायला लागले. आधी चार, मग दहा, मग पंधरा. खवले गेलेले, अंगावर कापसासारखे पांढरे डाग. रोग आला म्हणून मी घाबरले आणि किती पसरलाय ते बघायला आणखी उचलायला लागले. आईला फोनवर सांगताना रडू फुटलं. ती म्हणाली, "अगं, दोन दिवस घरी येऊन जा. जरा दम धर." मी तिच्यावरच ओरडले.

त्याच आठवड्यात एका सकाळी मेलेले मासे काढताना ओल्या फळीवरून माझा पाय सटकला. पडले ती उजव्या मनगटावरच. तालुक्याच्या डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि तीन आठवडे हात हलवायचा नाही म्हणून सांगितलं. घरी जा म्हणाले. मी गेले नाही. गेले असते तर परत बोलावलं गेलं नसतं, अशी भीती होती.

हात गळ्यात बांधून मी रोज तराफ्यावर बसायची. बांबूला दोन माणसं लागतात, त्यामुळे जाळं उचलणं बंद. डाव्या हातानं डबा धड उचलता येत नव्हता, म्हणून सातव्याला मी मूठभरच खाद्य टाकायची. ते वर आले नाहीत तर तिथंच थांबायची, कारण उगाच वाया घालवायला मनगटात जोर नव्हता. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. नुसतं बसायचं म्हणजे मला अंगात मुंग्या चढल्यासारखं होतं. दहादा वही उघडायची, दहादा मिटायची. दत्तू म्हणाला, "म्याडम, पिंजऱ्यात तुमीच हाय असं वाटतंय."

पाचव्या दिवशी चार-दोन तोंडं वर आली. मेलेले मासे कमी होत गेले, मग थांबलेच. दहाव्या दिवशी डबा वाजवल्याबरोबर पाणी हललं. पंधराव्या दिवशी तर मूठ टाकायच्या आत सगळा पिंजरा वर आला होता. दत्तूला बोलावून पुरते बारा किलो घातले, तरी तोंडं उघडीच.

प्लास्टर निघालं त्याच दुपारी मी आणि दत्तूनं जाळं उचललं. पन्नास मासे काट्यावर टाकले. माझा विश्वास बसेना म्हणून आणखी पन्नास टाकले. सरासरी एकशेछप्पन ग्रॅम!

शहाजीराव पेढे घेऊन आले. "बघा! चोर गेला, मासा वाढला. मी म्हणत नव्हतो?" त्यांनी पेढा माझ्या हातावर ठेवला. मी तो आनंदानं खाल्ला. त्या दिवशी मला खरोखरच आनंद झाला होता, त्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सातव्यापाशी गेले आणि डबा वाजवला. पाणी हललं नाही. एक मूठ टाकली. दाणे तरंगत राहिले. मी उकिडवी बसून वाट बघितली. काल याच वेळी उड्या मारत होते ते मासे. एकही वर आला नाही. दाणे फुगले आणि हळूहळू जाळ्याच्या कडेला जाऊन लागले.

खाद्य तेच होतं. चोर गेलेला होता. कालपासून आजपर्यंत फक्त एकच गोष्ट झाली होती. मी जाळं उचललं होतं.

मी खोपीत जाऊन वही काढली. माझ्याच अक्षरात, माझ्याच लाल शाईत सगळं होतं. पंधरवड्यानं उचललेले बाकीचे सात पिंजरे धड वाढले होते. सातवा आठवड्यानं उचलला तेव्हा मंदावला, तीन दिवसांनी उचलला तेव्हा थांबला, एक दिवसाआड उचलला तेव्हा मरायला लागला. गर्दीत कोंडला की मासा घाबरतो, अंगातली सगळी ताकद त्या भीतीशी झगडण्यात घालवतो, दोन-दोन दिवस खात नाही, जखमा भरून येत नाहीत. आणि सावरायला वेळ मिळाला की मागची भूकसुद्धा भरून काढतो. हे मला नवीन नव्हतं. परीक्षेत या प्रश्नाला मी चार पानं लिहिली होती आणि दहापैकी नऊ गुण मिळवले होते. आमच्या पिंजऱ्यात मासे प्रमाणात सोडलेत, म्हणजे गर्दीचा प्रश्न मिटला, एवढंच मी धरून चालले होते. बांबू घालून मीच सारखी गर्दी करते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आबा दोन शब्दांत ते सांगत होते.

मी बाहेर आले. डब्यात अकरा-साडेअकरा किलो खाद्य उरलं होतं. तेवढ्यात लांबून शहाजीरावांच्या होडीच्या इंजिनाचा आवाज आला. मी डबा उचलला, भराभर खोपीत नेला, पोत्यात रिकामा केला आणि पोतं बाजेखाली सरकवलं. वरून ते फाटकं जाळं ओढलं.

जाळं ओढलेला माझा हात तसाच राहिला. मी मटकन खाली बसले आणि हुंदके देऊन रडले.

शहाजीरावांना मी तिथंच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गप ऱ्हावा म्याडम. झालं ते बरं झालं. तुमची नोकरी पक्की होतीय, उगा हात दाखवून अवलक्षण कशाला?" खाई त्याला खवखवे, हे त्यांनी आबांना म्हटलेलं माझ्याच घशात अडकलं होतं. सोमवारी संस्थेची बैठक होती. चाळीस-पन्नास भोई बाप्ये, दहा-बारा बाया. मी उभी राहिले आणि सांगितलं की लिंबाजीआबांनी दाणाही नेलेला नाही, मासे माझ्यामुळे खंगले, आबांनी मला आधी सांगितलं होतं आणि मी चेअरमनसमोर खोटं बोलले. मागच्या बाजूला एक म्हातारा नुसता "हं" म्हणाला. आबांना परत कामावर बोलवायचं, असं ठरलं. निरोप गेला. आबा आले नाहीत.

मग मी गेले. धरणाच्या पलीकडच्या अंगाला, पाण्यापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं छप्पर होतं. इंजिनाची होडी घेऊन मी दुपारी पोचले. आबा दारातून उठून मागच्या दारानं निघून गेले. हौसामावशींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पाणी दिलं. "बाहेर गेल्यात," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी परत गेले. तिसऱ्या दिवशी फळं घेऊन गेले. चौथ्या दिवशी बैठकीचा ठराव लिहिलेला कागद घेऊन गेले. मला माफी मागायची होती आणि ती आजच्या आज मागून मोकळं व्हायचं होतं. पाचव्या दिवशी मी काठाला होडी लावली, तर हौसामावशी पाण्यापर्यंत चालत आल्या. त्यांच्या हातात झाकलेलं ताट होतं. त्यांनी वरची थाळी बाजूला केली. भाकरीचा एक कोर तोडलेला होता, बाकी सगळं तसंच होतं.

"ताई, वाईट वाटून घिऊ नगा," त्या म्हणाल्या. "तुमची होडी वाजली की त्ये ताटावरनं उठत्यात. मग दिसभर घास उतरत न्हाई. रातच्याला बी नुसतं पानी पित्यात. तुमी मनानं चांगल्या हाईसा, पर आता काय दिस इकडं यिऊ नगा."

मी त्या ताटाकडे बघत राहिले. इंजिन सुरू करायला हात गेला, पण मी ते सुरू केलं नाही. होडीतलं जुनं वल्हं काढलं आणि दुखऱ्या हातानं वल्हवत परत आले. दीड तास लागला.

त्यानंतर मी तिकडे गेले नाही. निरोप पाठवला नाही. सातव्याचं जाळंही उचललं नाही. रोज सकाळी डबा वाजवायची, मूठ टाकायची, खाल्लं तर आणखी घालायची, नाही तर उठायची. उरलेलं खाद्य शहाजीरावांच्या देखत खोपीत ठेवायची. दारावरचा तक्ता मी काढून टाकला होता. हात शिवशिवायचे. वही मी ट्रंकेत तळाशी घातली आणि किल्ली दत्तूकडे देऊन ठेवली.

बाराव्या दिवशी सकाळी मी सातव्यापाशी बसले होते, तेव्हा वल्ह्याचा आवाज आला. आबांची होडी होती. ते तराफ्यापर्यंत आले, पण वर चढले नाहीत. होडीतूनच त्यांनी हात पुढे केला. मी डबा सरकवला. त्यांनी एक मूठ घेतली आणि पाण्यावर फेकली.

मासे भरभरून वर आले. आबा बराच वेळ ते बघत होते.

"कितवा दिस?" त्यांनी विचारलं.

"जाळं उचलून आज एकविसावा."

"आजून ऱ्हाऊंद्या थोडं."

"हो."

ते वल्हं पाण्यात घालायला लागले. माझ्या जिभेवर दहा गोष्टी होत्या. माफी होती, ठराव होता, उद्यापासून येणार का, हे होतं.

"आबा," मी म्हणाले, "जेवलात का?"

ते थांबले. किलकिल्या डोळ्यांनी त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.

"व्हय," ते म्हणाले. "आज जेवलो."

होडी वळली. वल्ह्याचा आवाज हळूहळू लांब जात राहिला. मी हाक मारली नाही.